मच्छरदाणी दुकानात मिळते, पण कोणती?

आमच्या धंद्यात मच्छरदाणीला कोणी माल म्हणत नाही. गाद्या, पडदे, चादरी, सोफ्याचे कव्हर, उशा हा माल. मच्छरदाणी म्हणजे वरच्या फळीवर कोंबून ठेवायची वस्तू, पहिला पाऊस पडला की खाली येते आणि दिवाळीच्या साफसफाईत परत वर जाते. कोपरखैरण्यात माझं पडदे-गाद्यांचं दुकान आहे, आधी वडील बसायचे आता मी बसतो, आणि खरं सांगायचं तर मच्छरदाणीवर एवढं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पण मध्ये आफ्रिकेतल्या मच्छरदाण्यांबद्दल वाचायला सुरुवात केली आणि त्यातच अडकलो. तिकडे पंचवीसेक वर्षं हाच वाद चाललाय की मलेरिया रोखायला मच्छरदाण्या फुकट वाटायच्या का दुकानातून विकायच्या, आणि विकायच्या तर केवढ्याला. मोठमोठे अर्थतज्ज्ञ यावर प्रयोग करतात, आकडे काढतात. आणि मला गंमत ही वाटली की ते जे शोधतायत ते म्हणजे गिऱ्हाईक काउंटरपर्यंत येऊन, वस्तू हातात घेऊन, भाव विचारून परत का जातं. अहो हे तर आमचं रोजचं आहे.

आधी आपल्याकडचं सांगतो. माझ्याकडे चार प्रकारच्या असतात. चौकोनी, चार कोपऱ्यांना दोऱ्या, सगळ्यात स्वस्त. गोल, छताला एक हूक मारला की झालं. फोल्डिंग, तंबूसारखी उघडते, चेन असते, ही टॉवरमधली मंडळी नेतात. आणि बाळाची छत्री. सिंगल चौकोनी अडीचशे-पावणेतीनशेपासून, फोल्डिंग डबल बेडची आठशे-नऊशेपर्यंत जाते. माल मी उल्हासनगरहून उचलतो पण जाळी बहुतेक करूरची, तामिळनाडूतलं करूर, तिथे घरोघरी म्हणावं असा या जाळीचा धंदा आहे.

आता यातलं एक लक्षात घ्या. इतक्या वर्षांत मच्छरदाणी घ्यायला आलेलं कोणी "मलेरिया" हा शब्द उच्चारत नाही. डास फार झालेत, झोप होत नाही, बाळाच्या अंगावर चट्टे उठलेत, पंखा बंद झाला की वैताग, असं म्हणतात. लोक झोप विकत घेतात. मलेरियाचं नाव निघतं ते घरात कोणाचा तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर. त्यामुळे दुकानातून मच्छरदाण्या खपवून मलेरिया कमी करायचा असेल तर पहिली अडचण हीच, की जो माल खपतो तो आरामाचा माल आहे आणि आराम ज्याला परवडतो तोच तो घेतो. डास मात्र सगळ्यात जास्त ज्याला चावतात तो साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत झोपलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या होत्या, गडचिरोलीकडच्या, नवरा-बायको दोघं इकडे बांधकामावर. मी चौकोनी जाळी उघडून दाखवली तर त्यांनी आधी शिलाई ओढून बघितली, मग जाळीला हात लावून बोटं नाकाशी नेली. मला कळेना हे काय. मग म्हणाल्या, "दादा, याले औषध लावून हाय का जी?" म्हटलं औषध कसलं? तर म्हणे त्यांच्या गावात सरकारने वाटली होती ती निळी होती, मोठी होती, आणि "मच्छर बसला का खालीच पडते". ती सासूकडे ठेवून आल्या होत्या. माझ्याकडची साधी आहे म्हटल्यावर तोंड असं केलं की मी मीठ नसलेली भाजी वाढली.

मी त्यांच्यासमोरच होलसेलवाल्याला फोन लावला. तो हसला. "अरे तो टेंडरचा माल, सरकार उचलतं, आपल्या लाइनमध्ये नाही येत."

त्या बाईंनी शेवटी साधीच घेतली, अर्धे पैसे तेव्हा दिले अर्धे शनिवारी पगार झाल्यावर. शनिवारचं लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

तर ही औषधवाली म्हणजे काय. जाळीच्या धाग्यातच किंवा धाग्यावर कीटकनाशक बसवलेलं असतं, पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असली नावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे वीस धुण्यांनंतर आणि तीन वर्षं वापरल्यावरही तिचा परिणाम टिकला पाहिजे, तेव्हा तिला टिकाऊ औषधी मच्छरदाणी म्हणायचं. साध्या जाळीचं काम फक्त अडवायचं. रात्री झोपेत हात जाळीला टेकला की डास बाहेरून आरामात चावतो, आणि कुठे भोक पडलं असेल तर आत येऊन सकाळपर्यंत मुक्काम करतो. औषधवालीवर बसला की मरतो, म्हणजे जाळीत झोपलेल्याचाच नाही तर शेजारच्या खोलीतल्याचाही फायदा, कारण तो डास पुढे कोणाला चावायला उरतच नाही. वस्तीतल्या बऱ्याच घरांत अशी जाळी असली तर ज्यांच्याकडे नाही त्यांनाही थोडं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत २००० ते २०१५ मध्ये मलेरियाचे जे काही कोटी रुग्ण टळले त्यातला दोन तृतीयांश वाटा या जाळ्यांचा असा हिशेब एका मोठ्या अभ्यासात निघालाय. औषधांचा नाही, फवारणीचा नाही, जाळीचा.

आणि आता मला ज्याचा राग येतो ते. या औषधवाल्या जाळ्या बनतात कुठे? जगात बऱ्याच ठिकाणी, पण त्यातलं एक ठिकाण करूर. तेच करूर जिथून माझी साधी जाळी येते. तिथल्या कंपन्यांच्या जाळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे आणि त्या लाखोंच्या संख्येने आफ्रिकेत जातात. सरकारी खरेदीतला दर साध्या औषधवाल्या जाळीला नगामागे दोन डॉलरच्या आसपास. म्हणजे दोनशे रुपयांच्या आत! माझी बिनऔषधाची सिंगल अडीचशेला आहे. मान्य, तो लाखांच्या ऑर्डरचा भाव, त्यात वाहतूक नाही, टॅक्स नाही, माझं भाडं नाही, मार्जिन नाही. पण म्हणून काय ती माझ्या फळीवर येऊच नये?

कारण शोधायला गेलं तर सरळ आहे. औषध लावलेली जाळी आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येते, तिला नोंदणी लागते, उद्या मी औषधाच्या बादलीत जाळी बुचकळून विकली तर चालणार नाही आणि चालूही नये. पण कंपनीने तरी बाजारात का आणावी, एक गिऱ्हाईक म्हणजे सरकार, ते एका टेंडरमध्ये लाखो उचलतं. माझ्यासारख्या हजार दुकानदारांना दहा-दहा नग पुरवायचे, जाहिरात करायची, कोण करेल? आणि गिऱ्हाईक मागत नाही म्हणून मी ठेवत नाही, मी ठेवत नाही म्हणून गिऱ्हाईकाला माहीतच नाही, माहीत नाही म्हणून मागत नाही. वर्षानुवर्षं तेच.

हे चक्र तोडायचा प्रयत्न आफ्रिकेत झाला. १९९९ मध्ये अमेरिकन सरकारच्या पैशातून नेटमार्क नावाचा प्रकल्प सुरू झाला, कल्पना अशी की कंपन्यांना हाताशी धरायचं, जाहिरातीचा खर्च वाटून घ्यायचा, आणि औषधवाल्या जाळ्यांचा नेहमीचा बाजार उभा करायचा, नायजेरिया, सेनेगल, झांबिया, घाना अशा देशांत. २००० मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख जमले तेव्हा त्यांनी जाळ्यांवरचे कर आणि आयात शुल्क काढायचं कबूल केलं. शहरांत दुकानं भरली, ब्रँड आले, भाव उतरले. खेड्यातल्या गरिबापर्यंत मात्र ते फारसं झिरपलं नाही, जे कोणताही होलसेलवाला आधीच सांगू शकला असता. माल तिथेच जातो जिथे गाडी परत येताना पैसे घेऊन येते.

टांझानियाचं मला सगळ्यात आवडलं. तिथे किलोम्बेरोच्या खोऱ्यात १९९७ पासून जाळ्या स्वस्तात पण विकूनच पसरवल्या, 'झुइया म्बू' असं ब्रँडचं नाव, आणि तिथल्या लहान मुलांचं जगण्याचं प्रमाण जाळी वापरणाऱ्यांत २७ टक्क्यांनी जास्त निघालं. मग २००४ पासून देशभर कूपन. गरोदर बाई तपासणीला दवाखान्यात गेली की तिला कूपन मिळायचं, ते घेऊन तिने जवळच्या कुठल्याही दुकानात जायचं, वरचे थोडे पैसे भरायचे, जाळी घ्यायची. दुकानदार ते कूपन पुढे देऊन आपला माल भरून घ्यायचा. म्हणजे सरकारला गोदाम नको, ट्रक नको, वाटपाचा कार्यक्रम नको, मंत्री नको. दुकानदाराला गिऱ्हाईक. बाईला जाळी. आरुशाच्या एका कापड गिरणीने जपानी कंपनीकडून तंत्र घेऊन तिथेच औषधवाल्या जाळ्या काढायला सुरुवात केली, हजारो लोकांना, त्यात बायकाच जास्त, काम मिळालं. पुढे त्यात कूपनांचे घोटाळेही झाले आणि २०१४ मध्ये योजना बंद पडली. घोटाळे होणारच हो, कूपन म्हटलं की आपल्याकडे तर रेशनचा सगळा इतिहास डोळ्यासमोर येतो.

शिवाय मधल्या काळात २००९-१० पासून तिथे फुकट वाटपाच्या मोठ्या मोहिमा निघाल्या आणि दुकानांतला खप बसला. दुकानदार म्हणून माझी सहानुभूती कोणाकडे असणार ते उघड आहे.

पण मग केनियाचा प्रयोग वाचला आणि गप्प झालो. २००७ च्या सुमारास पश्चिम केनियात गरोदर बायकांच्या दवाखान्यांत जाळ्या वेगवेगळ्या भावाला ठेवल्या, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दहा-वीस-चाळीस शिलिंग. चाळीस शिलिंग म्हणजे साठ सेंट, तेव्हाच्या भावाने पंचवीसेक रुपये. शून्यावरून तिथपर्यंत भाव नेला तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी पडलं, म्हणजे दर शंभर बायकांमागे घेणाऱ्या साठ कमी! पंचवीस रुपयांसाठी! आणि आपल्या बाजारात जे ठासून सांगतात ना की फुकटच्या वस्तूची किंमत नसते, लोक फुकटच्या जाळीने मासे पकडतील, तेही खोटं निघालं, फुकट मिळालेल्या बायका पैसे देऊन घेतलेल्यांइतक्याच नेमाने ती वापरत होत्या.

त्या प्रयोगातल्या एका संशोधक बाईंनी पुढे अजून एक बघितलं, ते दुकानदारांनी फ्रेम करून लावावं असं आहे. ज्यांना पहिली जाळी फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळाली होती ते वर्षाने दुसरी जाळी पैसे देऊन घ्यायला जास्त तयार होते. आम्हाला वाटतं फुकटची सवय लागली की गिऱ्हाईक गेलं. उलट, वापरून बघितलं, झोप लागली, ताप आला नाही, म्हणून परत घ्यावीशी वाटली. माझ्या दुकानात आलेल्या त्या गडचिरोलीच्या बाई याचाच पुरावा ना. सरकारने फुकट दिली होती म्हणूनच त्या विकत घ्यायला आल्या होत्या, आणि औषधवालीच हवी हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

आता शनिवार. ओडिशात एक प्रयोग झालाय, बचत गटांमार्फत औषधवाल्या जाळ्या हप्त्यावर द्यायच्या, गरीब खेडी, मलेरियाचा पट्टा. निम्म्याहून थोड्या जास्त घरांनी घेतल्या. एकरकमी पैसे मागितले असते तर एवढ्या गेल्या नसत्या हे नक्की. आमच्या लाइनमधली ही साधी गोष्ट आहे. मजुरांच्या नाक्यावरच्या माणसाकडे रोज दहा रुपये असतात, एकदम तीनशे नसतात. म्हणून तो कॉइल घेतो. कॉइलचं पाकीट, अगरबत्ती, लिक्विडची बाटली, हे सगळं थोड्या थोड्या पैशात मिळतं, महिन्याला हिशेब केला तर जाळीपेक्षा कितीतरी महाग पडतं, वर त्या बंद खोलीत तो धूर. पण हिशेब महिन्याचा करायला महिन्याचा पगार लागतो. ओडिशाच्या त्या प्रयोगात दुसरी बाजूही दिसली, जिथे फुकट वाटल्या तिथे जवळपास प्रत्येक घरात पोचल्या, आणि हप्त्यावर घेतलेल्या गावांत मलेरिया काही मोजण्यासारखा उतरला नाही.

कोणी म्हणेल नवी मुंबईत मलेरिया राहिलाय कुठे. कमी झालाय, खूपच, २०१० च्या पावसाळ्यासारखं आता नाही, त्या वर्षी एकट्या मुंबईत सत्तर हजारांच्या वर रुग्ण आणि शंभरावर मृत्यू. पण आपला शहरी डास, अॅनोफिलिस स्टीफेन्सी, याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, म्हणजे गच्चीवरची टाकी, स्लॅबवर क्युरिंगचं पाणी, लिफ्टचा खड्डा, बेसमेंट. उलवे, खारघर, तळोजा, तिकडे ठाण्याला घोडबंदर रोड, जिथे बघाल तिथे क्रेन. हा इतका चिवट आहे की २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीत पोचला आणि तिथून इथिओपियापर्यंत पसरला, तिकडच्या शहरांना आता आपल्या डासाची भीती आहे. तो चावतो रात्री, म्हणून जाळी कामाची. डेंग्यूवाला दिवसा चावतो, तिथे जाळीचा उपयोग कमी, दुपारी झोपणारं बाळ सोडलं तर. आणि आपल्याकडचा मलेरिया बराचसा व्हायवॅक्स नावाच्या जंतूचा, तो लिव्हरमध्ये लपून राहतो, चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या नाही केल्या तर परत उलटतो, आणि साइटवरचा माणूस तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या सोडून कामावर. त्याच्या रक्तातून डास उचलतो आणि टॉवरमध्ये घेऊन जातो. तेव्हा आठशेची फोल्डिंग जाळी घेणाऱ्या मॅडमनीही मजुराच्या जाळीची थोडी काळजी करायला हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही करा, पण कोणासाठी काय ते नीट करा. मजुराला फुकटच द्या. बांधकाम कामगार मंडळाचा जो सुरक्षा संच मिळतो ना, हेल्मेट, बूट, जॅकेट, डबा, बॅटरी, त्यात मच्छरदाणी असते. ती औषधवाली द्यायची एवढंच. पण तो संच मिळतो नोंदणी झालेल्याला, नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आज या साइटवर उद्या त्या साइटवर असणाऱ्याला दाखला द्यायला ठेकेदार चार वेळा फिरवतो. म्हणून म्हणतो नाक्यावर कूपन द्या, ताप तपासायला रक्ताचे नमुने घेणारे लोक साइटवर जातातच, त्यांच्या हाती द्या, आणि जाळी आमच्या दुकानातून घेऊ द्या. आणि बाकीच्यांसाठी, तुमच्या-आमच्यासाठी, ती उघड्या बाजारात येऊ द्या, आम्ही पैसे देऊन घेतो की. मी स्वतः घरी लावीन.

एक अडचण मात्र आहेच. लिक्विड, कॉइल आणि जुन्या प्रकारच्या जाळ्या, सगळ्यांत एकाच घराण्यातली कीटकनाशकं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी डास निर्ढावलेत. त्यासाठी दुसरं औषध मिसळलेल्या नव्या जाळ्या आल्यात, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली, पण त्या थोड्या महाग.

तोपर्यंत साधी घेणार असाल तर जाळी बारीक बघून घ्या, चौरस इंचाला १५६ भोकं हे माप चांगलं. बेडपेक्षा मोठी घ्या म्हणजे हात टेकणार नाही, आणि कड गादीखाली खोचा, नुसती लोंबती सोडू नका. भोक पडलं तर त्याच दिवशी टाका घाला. खोलीत खिळा मारायला मालक देत नसेल तर दोन खिडक्यांच्या गजांना दोरी ताणा आणि त्यावर गोल जाळी अडकवा, पत्र्याच्या खोल्यांत बरेच जण असंच करतात. आणि पैसे एकदम नसतील तर शनिवारी द्या, दुकान साडेनऊपर्यंत उघडं असतं.